आमची वाटचाल : घोट्यावरच्या चिपपासून वळणावरच्या फलकापर्यंत

रविवारी शर्यत झाली की सोमवारी आमच्या लालबागच्या चाळीच्या गॅलरीत निओप्रीनचे, म्हणजे रबरी कापडाचे, काळे पट्टे वाळत असतात. शर्यतीत खेळाडूची वेळ नोंदवणारी चिप या पट्ट्याने घोट्याला बांधतात, आणि शर्यतींच्या वेळा मोजून देणं हा आमचा धंदा. समुद्राचं पाणी आणि घाम दोन्ही मुरलेले. कोमट साबणाच्या पाण्यात दोनदा खळबळायचे, वेल्क्रोत अडकलेली वाळू जुन्या टूथब्रशने काढायची आणि नंबरवारीने दोरीवर घालायचे. हे काम आईचं. पहिले दीडशे पट्टे तिनेच शिवले होते. भुलेश्वरहून वेल्क्रोची गुंडाळी आणली होती आणि पायमशीन रात्री अकरापर्यंत चालायचं.

धंदा सुरू झाला तो एका स्टॉपवॉचवर. मी आणि माझा आतेभाऊ शिवाजी पार्कच्या आसपास होणाऱ्या छोट्या शर्यतींचे निकाल वहीत लिहून द्यायचो. धावण्याच्या शर्यतीत ते निभायचं. ट्रायथलॉनचं पहिलं काम आलं तेव्हा मात्र वही पुरेना. आधी दीड किलोमीटर पोहणं, मग 40 किलोमीटर सायकल, मग 10 किलोमीटर धावणं. माणूस पाण्यातून येतो, कपडे बदलतो, सायकल काढतो, ती परत ठेवतो आणि पळत सुटतो. तीन जागी तीन वह्या, तीन घड्याळं, आणि संध्याकाळी कुणाचं काहीच जुळत नाही. म्हणून पतपेढीतून कर्ज काढून चिप वाचणारी यंत्रं, म्हणजे रीडर, आणि रस्त्यावर अंथरायच्या मॅट घेतल्या. आपल्याकडे या कामाला रेडिओ लहरींचा 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे, अमेरिकेतली यंत्रं 902 च्या पुढे चालतात. मागवतानाच हे विचारून घेतलं, नाहीतर सगळा पैसा पाण्यात गेला असता.

चिप डाव्या घोट्याला बांधतात, कारण सायकलची चेन उजवीकडे असते. तिच्यात बॅटरी नसते. मॅटखालचा अँटेना लहरी सोडतो, त्याच ऊर्जेवर चिप आपला नंबर परत पाठवते. पाणी आणि माणसाचं शरीर या लहरी शोषून घेतं. ओली चिप कातडीला घट्ट चिकटली तर ती मुकी होते, म्हणून पट्ट्यात फोमचा तुकडा घालावा लागतो. पाण्यात तर मॅट टाकताच येत नाही. कुणी मार्गाची खूण म्हणून सोडलेल्या तरंगत्या बुईच्या आतून पोहून गेला तर ते चिपला कळत नाही, कयाकवर, म्हणजे छोट्या होडीत, बसलेल्या माणसालाच कळतं. आयोजक चिपच्या भरवशावर कयाक कमी करायला निघतात तेव्हा मी स्पष्ट नाही म्हणतो. पाण्यात किती उतरले आणि बाहेर किती आले हा हिशोब जिवाचा असतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, शॉर्टकटकडे. हा आजार जुना आहे. 1980 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुइझ 2 तास 31 मिनिटं 56 सेकंदांत महिलांत पहिली आली आणि पुढे बाद झाली, कारण वाटेतल्या चौक्यांवर तिला कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हा चिप नव्हती. चिप आल्यावरही प्रश्न मिटला नाही. 2015 साली कॅनडात व्हिस्लरच्या आयर्नमॅनमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये, वयोगटातली एक विजेती बाद झाली. तिची चिप शर्यतीत हरवली होती, म्हणून आयोजकांना फोटो आणि इतर खेळाडूंच्या वेळा जुळवत बसावं लागलं.

आम्हीही सुरुवातीला समजलो की मॅट टाकली की शॉर्टकट संपला. सायकलच्या रस्त्यावर दूरच्या यू-टर्नला एक मॅट, शेवटी एक. तिथे सायकल वळायला हळू होते, त्यामुळे चिप हमखास वाचली जाते. शॉर्टकट मारणाराही वळणाच्या आधीच वळतो. जागा बरोबर निवडली होती. चूक झाली ती वेगळीकडे.

नवी मुंबईतली एक शर्यत होती, जेमतेम साठ स्पर्धक. सायकलच्या चार फेऱ्या. डोंबिवलीचे एक गृहस्थ पन्नाशीपुढच्या गटात तिसरे आले, पण यू-टर्नवर त्यांच्या तीनच नोंदी. मी आयोजकांना सांगितलं, एक फेरी कमी आहे. त्यांना बाद केलं. बक्षिसाच्या टेबलाशी ते आले. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, "अहो, मी चारही वेळा त्या खांबाला वळलो. तिसऱ्या वेळी खांबावरच्या पिवळ्या फितीचं एक टोक सुटलं होतं. तुमचा मुलगा खाली बसून काहीतरी करत होता." मी यंत्राकडे बोट दाखवलं.

रात्री घरी यंत्रातल्या नोंदी सेकंदासेकंदाने बघितल्या. मध्ये चार मिनिटं कुणाचीच नोंद नव्हती. आमच्या पोराने त्या वेळी बॅटरी बदलली होती आणि मला सांगायचं राहिलं होतं. त्या चार मिनिटांत तिथून दोनच सायकली गेल्या. दुसऱ्याने पुढे शर्यत सोडली, म्हणून त्याच्याबद्दल कुणी विचारलंच नाही. एका प्रामाणिक माणसाला आम्ही चारचौघांत खोटं पाडलं होतं. निकाल दुरुस्त झाला, पदक घेऊन मी आणि आतेभाऊ डोंबिवलीला गेलो, माफी मागितली. पदक त्यांनी बघितलंही नाही, निकालाच्या कागदावरचं आपलं नाव मात्र दोनदा वाचलं. ज्यांना त्यांच्या जागी तिसरं उभं केलं होतं त्यांनाही फोन करायचा होता. तो फोन लावायला मला अर्धा दिवस लागला.

त्या दिवसापासून एका नोंदीच्या अभावावर आम्ही कुणाचं नाव पुढे करत नाही. यू-टर्नवर आता मॅटच्या दोन रांगा असतात, दोन वेगळ्या रीडरच्या, दोन वेगळ्या बॅटऱ्यांच्या. शेजारी कॅमेरा. आणि खुर्चीवर वही घेतलेला माणूस, जो बिबचे, म्हणजे खेळाडूच्या अंगावरच्या कागदाचे, नंबर लिहीत राहतो. वही परत आलीच. सोबत वेगाचं गणितही बघतो. तासाला 30 किलोमीटरने जाणारा हौशी खेळाडू चारपैकी एक फेरी गाळून आला तर कागदावर 40 ने गेलेला दिसतो. मग आधीच्या फेऱ्यांच्या वेळा शेजारी ठेवल्या की चित्र उघडं पडतं. दोन चिपा प्रत्येक मॅटवर एकाच सेकंदाला दिसल्या तर कॅमेऱ्यातले फोटो शोधून बघतो, कारण मित्राची चिप स्वतःच्या पायाला बांधून पळणारेही भेटले आहेत.

पण इतक्या शर्यतींनंतर माझं ठाम मत झालंय : शॉर्टकट मारणाऱ्यांतले बहुतेक लबाड नसतात. ते मोजायला चुकतात. मुंबईचा दमट उकाडा, पाण्यातून निघून तास झालेला, डोक्यात फक्त पुढचं पेडल. तिसरी की चौथी? शेजारचा वळला म्हणून हाही आत वळतो. अशा माणसाला शेवटच्या रेषेवर बाद करणं म्हणजे आमचंच काम अर्धवट राहिल्याची खूण. नियमाप्रमाणे मार्ग जिथे सोडला तिथूनच पुन्हा धरायचा असतो. मग ते त्याला वेळेत कळायला नको?

म्हणून आम्ही फलक केला. यू-टर्नच्या थोडं पुढे एक मोठा पडदा, चिप वाचली की त्यावर बिबचा नंबर आणि उरलेल्या फेऱ्या मोठ्या आकड्यात. सायकल ठेवायच्या जागेच्या दाराशी दुसरा, फेरी कमी असेल तर लाल. तिथला पंच थांबवतो, सांगतो, निर्णय त्याचा. पहिल्या वेळी उन्हात आकडे दिसेनात. आतेभावाने वर टोपीसारखी काळी पट्टी लावली, अक्षरं दुप्पट केली. पहिल्या शर्यतीतच एक मुलगी लाल आकडा बघून दारातूनच सायकल फिरवून परत गेली. चौथी फेरी मारून आली, तेव्हा तिच्या गटातल्या बाकीच्या धावायला निघून गेल्या होत्या. शेवटची आली, पण निकालात आली. हे काम मला कुठल्याही पदकाइतकं मोलाचं वाटतं.

काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी धावपळीचं, पावसाळ्यात दुरुस्तीचं. कर्ज फिटलं. भाड्याचा दर मी फारसा वाढवलेला नाही, पण दुसरी मॅट आणि वहीवाला माणूस नको म्हणणाऱ्या आयोजकाचं काम घेत नाही. दोन मोठी कामं त्यावरून गेली. जाऊ देत.

कालच्या शर्यतीचे 212 पट्टे. आईने दोरीवर मोजले तर 211. यादी काढली : 87 नंबर पाण्यातून बाहेर आल्याची नोंद आहे, पुढे काहीच नाही. फोन लावला. पोटात कळ आली म्हणून ते सायकल ठेवायच्या जागेतूनच रिक्षा करून घरी गेले होते, पाय धुताना चिप दिसली, बाथरूमच्या खिडकीत ठेवली आहे म्हणाले. तब्येत आता बरी आहे. ते म्हणाले कुरिअर करतो, आई म्हणाली नको, आपणच जाऊन घेऊन या, माणूस आजारी आहे. संध्याकाळी जाईन.