प्लँक्स्टीचे चौघे कुठून आले: मँडोलिनच्या सरावाची नोंद

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की आता इकडच्या तिकडच्या सुट्या धुना बसवणं थांबवून एकच बँड धरायचा. आयर्लंडच्या लोकसंगीताचा बँड प्लँक्स्टी धरला. १९७३चा पहिला अल्बम, काळ्या मुखपृष्ठाचा. रोज सराव सुरू करण्याआधी त्यातलं एक गाणं लावतो आणि चौघांपैकी एकाच्याच वाद्यावर कान ठेवतो. बरोबरीनं एकेकाचं शिक्षण कुठं, कुणाकडे, कशावर झालं ते शोधत गेलो, आणि त्यानं हातातला सराव बदलला. म्हणून ही नोंद जरा लांबणार आहे.

हा बँड १९७२च्या सुरुवातीला डब्लिनमध्ये उभा राहिला. त्याआधी १९७१च्या उन्हाळ्यात गायक क्रिस्टी मूरनं किल्डेअर काउंटीतल्या प्रॉस्परस या गावी, एका जुन्या घराच्या तळघरात, स्वतःचा अल्बम रेकॉर्ड केला होता. त्याला गावाचंच नाव दिलं. साथीला डोनल लनी, अँडी अर्विन आणि लिअम ओ'फ्लिन होते. तिथं जमलेलं टिकवायचं ठरलं आणि प्लँक्स्टी झाला.

चौघांत परंपरेच्या घरात वाढलेला, लहानपणापासून गुरूसमोर बसून शिकलेला असा एकच: लिअम ओ'फ्लिन. जन्म १९४५, किल्डेअरमधलंच किल हे गाव. वडील शाळामास्तर, फिडल म्हणजे व्हायोलिन वाजवायचे. आई क्लेअर काउंटीकडची, पियानो वाजवणारी आणि शिकवणारी; क्लेअरचा नामांकित फिडलवादक ज्युनिअर क्रेहन तिच्या नात्यातला. मुलगा अकरा-बारा वर्षांचा झाला तेव्हा त्याला डब्लिनला लिओ राउसमकडे युलिअन पाइप्स, म्हणजे आयर्लंडचे बॅगपाइप, शिकायला धाडलं. राउसमच्या घरी पाइप्स वाजवणं आणि घडवणं दोन्ही पिढ्यान् पिढ्या चाललेलं. पुढे लिअमवर विली क्लॅन्सी या पायपरचा प्रभाव पडला, आणि शेमस एनिसचा तर फारच. १९७०च्या दशकात एनिस आणि लिअम डब्लिनमध्ये काही काळ एकाच बिऱ्हाडी राहिले. एनिस नुसता पायपर नव्हता. १९४२ ते १९४७ या काळात लोकसाहित्य आयोगासाठी गावोगाव फिरून त्यानं गाणी आणि धुना टिपल्या होत्या. अशा माणसाबरोबर एका छपराखाली राहणं म्हणजे काय, हे आपल्याकडे गुरुगृही राहून शिकलेल्यांना सांगायला नको.

एनिसच्या पाइप्सची हकीकत इथे लिहितोच, कारण मला ती फार आवडते. त्याच्या वडिलांना १९०८ साली लंडनच्या एका गहाणवटीच्या दुकानात जुन्या पाइप्सचे सुटे भाग भरलेली एक पिशवी मिळाली. डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवरच्या कॉइन या कारागिराचं एकोणिसाव्या शतकातलं काम होतं ते. ते भाग जोडून, दुरुस्त करून वाजते झाले, मुलाकडे आले, आणि १९८२ला एनिस गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे लिअमकडे. लिअम २०१८च्या मार्चमध्ये गेला.

वाद्याबद्दल एक गोष्ट, जी पुढच्या सगळ्याला लागते. युलिअन पाइप्सना तोंडानं फुंकत नाहीत. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या काखेत पिशवी. चँटर म्हणजे सुरावट वाजवायची नळी मांडीवर टेकवली की आवाज पूर्ण बंद करता येतो, म्हणून दोन सुरांच्या मधे स्वच्छ मोकळी जागा सोडता येते, आणि वरचं सप्तकही तिथूनच पकडता येतं. खाली ड्रोनची, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्यांची, आस अखंड. लिअमचं वाजवणं ऐकताना मी आता सुरांइतकंच त्या मोकळ्या जागांवर लक्ष ठेवतो. किती नेटकं वाजवतो हा माणूस! एकही अलंकार दाखवण्यासाठी नाही.

आता प्रश्न असा की अशा वाद्याला साथ कशी करायची. पाइप्सची सुरावट अनेकदा पाश्चात्त्य मेजर-मायनरच्या चौकटीत नीट बसत नाही. गिटारवर भरगच्च कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकदम, वाजवले की धुनेला जबरदस्तीनं एका बाजूला ढकलल्यासारखं होतं. इथे डोनल लनी येतो.

लनीचा जन्म १९४७चा, टलामोरचा, पण वाढला न्यूब्रिजला, म्हणजे क्रिस्टी मूरच्याच गावात. क्रिस्टी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तरी गिटार आणि बौरान (हातात धरून वाजवायचं चामडी तालवाद्य) त्याला लनीनंच शिकवलं. लनी डब्लिनच्या कला महाविद्यालयात गेला, सोन्याचांदीच्या कामात शिरला. दुसरीकडे एमेट स्पाइसलँड या तिघांच्या गटात गायचा. लोकगीतं, पण पॉपच्या थाटात, एकमेकांत मिसळलेल्या आवाजांत. १९६८ला त्यांचं एक गाणं आयर्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. माझ्या मते त्याच्या साथीचं मूळ इथं आहे. एका गाण्यात तीन आवाज कसे वेगवेगळे हलवायचे हे त्याच्या कानात आधीच पक्कं होतं, आणि तेच त्यानं तारांवर आणलं.

ज्या वाद्यावर आणलं ते ग्रीक. बूझूकी हे लांब दांडीचं तंतुवाद्य. आयरिश संगीतात ती १९६०च्या दशकाच्या मध्यात जॉनी मॉयनिहन या वादकानं आणली आणि तिची जुळणी जी-डी-ए-डी अशी केली. लनीला त्याची पहिली बूझूकी अँडी अर्विननं दिली. लनी डावखुरा, म्हणून त्यानं तारा उलट्या चढवल्या. खालच्या जोड्यांत ग्रीक पद्धतीनं एक तार एका सप्तकानं वर असते. ती काढून त्यानं दोन्ही तारा एकाच सुरात लावल्या. नंतर पीटर अ‍ॅबनेट या इंग्लिश कारागिराकडून तीन तुकड्यांच्या पाठीचं वाद्य करवून घेतलं. आज आयरिश बूझूकी म्हणून विकत मिळते तिची घडण तिथून सुरू होते.

मी मँडोलिनची वरची ई तारेची जोडी उतरवून डी केली आहे, म्हणजे जुळणी तीच, फक्त एक सप्तक वर. जी तारेवर सातव्या पडद्यावर बोट आणि बाकी तारा मोकळ्या: डी-डी-ए-डी. यात गंधार नाहीच. कोमल की शुद्ध हे साथ ठरवत नाही, ते धुनेवर सोपवलेलं राहतं. तानपुऱ्यावर सा-प छेडून गायकाला रान मोकळं ठेवावं, तसं. मी कॉर्डची पाटी बाजूला ठेवून सध्या एवढंच करतोय: वरच्या दोन तारा मोकळ्या, खालच्या दोनांवर एक छोटी उतरती चाल, आणि वर पाइप्सचं रेकॉर्डिंग. लय सावकाश ठेवली आहे. खालची चाल धुनेला आडवी न जाता तिच्या बाजूनं चालू लागली की अंगावर काटा येतो.

मँडोलिन वाजवणाऱ्या अँडी अर्विनची वाट सर्वांत लांबची. जन्म १९४२, लंडन. आई लिस्बर्नची, संगीतिकांत काम करणारी नटी, वडील स्कॉटिश. तो स्वतः बालनट होता. काही काळ ज्युलिअन ब्रीमकडे शास्त्रीय गिटार शिकला. मग स्किफलच्या, म्हणजे साध्या घरगुती वाद्यांवर गायच्या लोकगीतांच्या, लाटेनं त्याला अमेरिकन लोकगायक वूडी गथ्रीपर्यंत नेऊन पोचवलं. त्याच्याशी पत्रव्यवहारही केला. हार्मोनिका त्याच नादानं आली. डब्लिनला आल्यावर ओ'डॉनह्यूजच्या पबमधली लोकसंगीतवाली मंडळी भेटली आणि १९६६ला स्वीनीज मेन हा बँड झाला. दोन वर्षांनी तो सोडून अर्विन बल्गेरिया, रुमानिया, युगोस्लाव्हिया असा भटकत गेला. परतला तो तिकडचे विषम ताल अंगात मुरवून.

पहिल्याच अल्बमवर इंग्लिश लोहाराच्या गाण्याच्या शेवटी त्यानं रचलेला बाल्कन वळणाचा तुकडा जोडलेला आहे. तो मी अजून वाजवत नाही, टाळी धरतो. सुरुवात बल्गेरियन रुचेनित्सानं केली: सात मात्रा, दोन-दोन-तीन. आपला रूपक तीन-दोन-दोन. मात्रा तेवढ्याच, पण लांब खंड शेवटी गेल्यानं वजन पार बदलतं, आणि लय इतकी जलद की मात्रा मोजत बसायची सोयच नाही. दोन आखूड आणि एक लांब असा झोका घ्यावा लागतो. रूपकाची सवय असलेल्यांनी हे जरूर करून पाहावं, फार मजा आहे.

क्रिस्टी मूर बँकेत कारकून होता. १९६६ला बँकांचा संप झाला, तो इंग्लंडला गेला आणि तिथल्या फोक क्लबांत गाऊन तयार झाला. त्याच्या गाण्यांतली सर्वांत मोलाची ठेव मात्र भटक्या जमातीतल्या जॉन रायलीची. रायली रॉसकॉमन काउंटीतल्या बॉइल गावी राहायचा. टॉम मनेली या संग्राहकानं त्याचा आवाज टेपवर घेतला म्हणून तो आपल्याला ऐकायला मिळतो. १९६९ला अगदी हलाखीत गेला. त्याचंच 'रॅगल टॅगल जिप्सी' घेऊन प्लँक्स्टीचा पहिला अल्बम उघडतो.

आणि ते गाणं संपता संपता जे घडतं त्यासाठीच मी हा सगळा खटाटोप मांडला आहे. गाणं न थांबता सतराव्या शतकातल्या आंधळ्या हार्पवादकाच्या, रुआरी दाल ओ काहानच्या, 'तूर दम दो लाव' या धुनेत उतरतं. रायलीचं गाणं क्रिस्टीच्या गळ्यातून, खाली लनी आणि अर्विन एकमेकांच्या मोकळ्या जागा भरत तारांची वीण घालतात, आणि मग पाइप्स. लिअमनं आपल्या वाजवण्यात काहीही बदललेलं नाही. राउसम आणि एनिससमोर वाजवलं असतं तसंच वाजवतो. बाकी तिघांनी आपापलं सगळं शिक्षण त्याच्याभोवती रचलं. १९७२च्या ईस्टरला गॉलवेत गायक डोनोव्हनच्या आधी हे चौघे मंचावर आले तेव्हा श्रोते अक्षरशः वेडे झाले होते. त्यात नवल नाही.

त्या जोडावरच काम सुरू आहे. मँडोलिनची अर्विनची बाजू बऱ्यापैकी बसली. लनीची बाजू वरच्या सप्तकात पातळ वाटते, म्हणून एक सप्तक खाली वाजणारी ऑक्टेव्ह मँडोलिन शोधतोय. कुणी भारतात जी-डी-ए-डी लावून वाजवत असेल तर वरच्या डी जोडीला किती जाडीची तार घातली आहे ते कळवा. ई ची तार उतरवली की ती ढिली पडते आणि जोरात पिक लागलं की सूर हलतो.