खालच्या कप्प्यातल्या दोन ब्रिक

रेंजवर कुणाच्या रायफलचा आवाज जरा दबका आला की माझा हात अजून आपोआप वर जातो. मुलं मागे वळून बघतात. नव्या मुलांना कळत नाही, सर असे का दचकले. जुन्यांना माहीत आहे.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या रायफल क्लबात कोच आहे. आर्मररही, म्हणजे शस्त्रांची देखभाल बघणाराही मीच, कारण दुसरा कुणी नाही. पॅरिसला 2024 मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून पालकांची रीघ लागली आहे. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "सर, रायफल कितीला पडते?" राउंड, म्हणजे काडतूस, कुठून आणायचे, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. रायफल एकदा घेतली की झालं. राउंड रोज लागतो.

आमचा राउंड म्हणजे पॉइंट टू-टू. पन्नासचं पाकीट, दहा पाकिटांची ब्रिक, म्हणजे 500 राउंड. 2021 मध्ये मुलींच्या थ्री पोझिशनला गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून प्रत्येकी 40 शॉट होते. साइटर, म्हणजे मॅचआधी अंदाज घ्यायचे शॉट, धरले तर एका मॅचला दीडशेच्या आसपास राउंड जायचे. एक ब्रिक म्हणजे जेमतेम तीन मॅच. चांगला राउंड बाहेरून येतो, इंग्लंडहून किंवा जर्मनीहून. परवाना, आयातीची परवानगी, आगाऊ पैसे आणि मग वाट बघणं. काडतूस स्फोटकांच्या वर्गात मोडतं, त्यामुळे तो माल सगळीच जहाजं आणि विमानं घेत नाहीत. 2020 मध्ये तर सगळंच एकदम आवळलं. कारखान्यांत लॉकडाऊन, कंटेनर मिळेनात, त्यात अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांची खरेदी अचानक वाढलेली. आमची ऑर्डर कुठल्या रांगेत होती देव जाणे. पुरवठादार दर महिन्याला "पुढच्या महिन्यात" म्हणायचा. पैसे मात्र त्यानं आधीच घेतले होते.

टंचाईचं खरं दुखणं वेगळंच आहे, ते बाहेरच्याला सांगूनही पटत नाही. कुठलाही राउंड कुठल्याही रायफलला चालत नाही. म्हणजे उडतो, पण बसत नाही. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा माल असला तरी प्रत्येक लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला माल, वेगळा आणि प्रत्येक बॅरलची, म्हणजे नळीची, आवड वेगळी. 50 मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. एका लॉटचे दहा शॉट एकात एक घुसून शेंगदाण्याएवढं भोक पाडतात, आणि दुसऱ्या लॉटचे तेच दहा, त्याच हातानं, नऊच्या वर्तुळात पसरतात. मोठे नेमबाज थेट कारखान्यात जाऊन, बॅरल शिकंज्यात बांधून लॉट निवडतात. आम्ही वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवतो, दहा-दहाचे ग्रुप मारतो आणि कागद खिडकीपाशी धरून बघतो. जमलेला लॉट सापडला की तो जिवापाड सांभाळायचा.

आमच्या एका मुलीचा लॉट असा सापडला होता. तिचे वडील दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. रायफल त्यांनी कशी घेतली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. 2021 च्या सुरुवातीला तिच्या लॉटचे दीडशे राउंड उरले होते. मी ओळखीच्या प्रत्येक क्लबाला फोन लावले आणि पाकिटावरचा लॉट नंबर वाचून दाखवला. बहुतेकांनी हसून फोन ठेवला. एका क्लबाकडे त्याच नंबरच्या चार ब्रिक पडून होत्या. आमच्या सचिवांनी पत्रव्यवहार केला, दोन्हीकडच्या रजिस्टरला नोंदी झाल्या, आणि त्या चार ब्रिक आमच्याकडे यायला पावणेदोन महिने लागले. आल्या त्या दिवशी मुलीनं पेढे आणले होते.

साठवणुकीबद्दल मी फार काटेकोर आहे, निदान तसं समजत होतो. आमच्याकडचा पाऊस म्हणजे भिंतींना पाझर फुटतो. टू-टूच्या शिशाच्या गोळीवर मेणाचा पातळ थर असतो. त्याला धूळ चिकटू द्यायची नाही, घामाचा हात लावायचा नाही, शेजारी तेलाचा डबा ठेवायचा नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. आत रबरी गॅस्केटचे डबे आणि त्यात सिलिका जेलच्या पुरचुंड्या. निळे खडे गुलाबी झाले की ओल भरली असं समजायचं. मग ते एका जुन्या, स्वयंपाकातून बाद केलेल्या कढईत मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होईपर्यंत. दर पावसाळ्यात आमच्या घरी हे चालतं.

त्या वर्षी गॅस्केटचे डबे भरलेले होते. मुलीच्या चारपैकी दोन ब्रिक डब्यात मावल्या, दोन उरल्या. त्या मी पुठ्ठ्याच्या खोक्यातच सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागे सरकवून ठेवल्या. खाली गारवा असतो आणि चुकून दुसऱ्या कुणाच्या हाताला लागणार नाहीत, असा विचार केला होता. आठवड्यात नवा डबा आणणार होतो. आणला नाही.

23 जुलै 2021. त्याच दिवशी टोकियोत ऑलिंपिकचं उद्घाटन होतं. आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत तिथं खेळणार, म्हणून मुलांनी क्लबात टीव्ही लावायचं ठरवलं होतं. आदल्या रात्रभर आम्ही राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पाण्याचे आकडे बघत बसलो होतो. 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. 2019 च्या महापुरात पाणी क्लबाच्या पायरीपर्यंत येऊन परत गेलं होतं, त्यामुळे सगळे निर्धास्त. पण या वेळी नदीच्या आधी मागचा ओढाच फुगला. पहाटे चारला वॉचमन मामांचा फोन आला. "सर, पाणी गेटातनं आत यायलंय. लई जोरात चढतंय."

पोचलो तेव्हा शस्त्रागाराच्या दारात घोटाभर पाणी होतं. दाराला दोन कुलपं, एक चावी माझ्याकडे, दुसरी सचिवांकडे. नियमच तसा केलाय आणि तो बरोबरच आहे. पण सचिव पाण्याच्या पलीकडे अडकलेले. मी पोलीस ठाण्याला फोन लावला. ठाणे अंमलदार म्हणाले, "सर, इथं माणसं काढायला होड्या पुरंनात, आणि तुम्ही गोळ्यांचं काय सांगताय?" मी गप्प झालो. ते बोलले त्यात काही चूक नव्हतं. मग त्यांनीच जरा थांबून सांगितलं, "दोन साक्षीदार घ्या, व्हिडिओ काढा, कुलूप तोडा आणि माल इथं आणून जमा करा. डायरीला नोंद घालतो." त्या गर्दीत तो माणूस एवढं नीट बोलला, हे मी विसरलेलो नाही.

मामांनी मोबाइलची बॅटरी धरली, शेजारच्या गिरणीवाल्यानं व्हिडिओ काढला, मी करवतीनं कडी कापली. रायफली रॅकवर उंच होत्या, त्या कोरड्या. डबे कोरडे. खालच्या कप्प्यात हात घातला तर पुठ्ठा लगद्यासारखा बोटांत आला. क्लबाचा सगळा साठा 11 ब्रिक, म्हणजे वीस किलोसुद्धा नाही. पोरांच्या एका वर्षाचा सराव मी आणि मामांनी डोक्यावरच्या दोन घमेल्यांत बाहेर काढला. पुढचे नऊ दिवस तो ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत होता.

परत आणल्यावर भिजलेल्या दोन ब्रिक मी वेगळ्या काढल्या. एकेक राउंड सुती फडक्यानं टिपला, ट्रेमध्ये उभा लावला, पंख्याखाली आठवडाभर ठेवला. दिसायला पितळ लख्ख होतं. मग त्यातले पन्नास मी स्वतः वाळूच्या पिशवीवरून मारले. पन्नासच्या पन्नास उडाले आणि ग्रुपही नेहमीसारखे घट्ट. मला इतका आनंद झाला की मी तिला लगेच फोन केला.

इथंच चुकलो. पन्नासात एकही बाद नाही, याचा अर्थ माल चांगला आहे असा होत नाही. शंभरात पाच-सहा खराब असले तरी पन्नास मारून एकही न सापडणं शक्य असतं. हा हिशेब मला येत होता. पण डब्यातल्या दोन ब्रिक निवड चाचणीसाठी राखायच्या होत्या, पुढचा माल कधी येणार याचा पत्ता नव्हता, आणि तिचा रोजचा सराव दहा राउंडवर आणून ठेवलेला. बाकी वेळ ती नुसती रिकाम्या रायफलनं होल्डिंग करत, म्हणजे नेम धरून, उभी असायची, दोन-दोन तास, तक्रार न करता. म्हणून सरावाला भिजलेले दिले.

ऑक्टोबरमधली सकाळ. ती पोटावर पडून मारत होती, मी मागे दुर्बिणीला डोळा लावून. टू-टूचा आवाज कोरडा असतो, काडी मोडल्यासारखा. एकविसावा की बाविसावा शॉट असेल. फुस्स असा दबका आवाज झाला आणि कागदावर नवं भोक दिसेना. मी डोळा वर काढेपर्यंत तिनं बोल्ट, म्हणजे राउंड आत ढकलणारा दांडा, मागे घेऊन रिकामी केस काढली होती आणि पुढचा राउंड चेंबरकडे, नळीच्या मागच्या टोकाच्या खाचेकडे, सरकत होता. तालात असलं की हात विचारत नाहीत. मी ओरडलो, "थांब!" असा मी रेंजवर कधीच ओरडत नाही. ती थांबली. बोटांतला राउंड मॅटवर पडला.

बोल्ट काढून मागून क्लीनिंग रॉड घातला. वीतभर आत जाऊन तो टक् करून थांबला. तो टक् माझा हात अजून विसरलेला नाही. केस आणि गोळीच्या सांध्यातून पाणी आत शिरलेलं असणार. कडेच्या मसाल्यानं पेट घेतला, पण ओली पावडर जळली नाही आणि गोळी जेमतेम नळीत ढकलली गेली. पुढचा राउंड उडाला असता तर नळी तिथं फुगली असती. तिचा गाल नळीपासून किती लांब असतो ते मला रोज दिसतं.

बॅरलमध्ये दोन थेंब तेल सोडून, पितळी रॉडनं हळूहळू ठोकत गोळी बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागली. ती शेजारी मांडी घालून बसली होती. शेवटी गोळी टॉवेलवर पडली, रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पेचदार खाचांच्या, खुणा उमटलेली, एका बाजूनं चपटी. ती म्हणाली, "सर, मी आवाज ऐकला होता. मला वाटलं, तुम्ही तपासलेत म्हणजे बरोबरच असणार."

यावर मी तिला काय म्हणालो ते आठवत नाही. संध्याकाळी तिच्या घरी जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चहा घ्या सर." त्या घरात मला रागावलेलं चाललं असतं.

बॅरल बचावलं. चाचणीला ती डब्यातल्या कोरड्या राउंडनं खेळली आणि दोन गुणांनी राहिली. सराव पुरेसा झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार ती करत नसेल, मी करतो. ती आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि रविवारी येऊन लहान मुलांना बोल्ट कसा धरायचा ते शिकवते. पहिल्याच दिवशी सांगते, आवाज वेगळा आला की हात थांबवायचा, सर काय म्हणतात याची वाट बघायची नाही.

भिजलेल्यांतले उरलेले राउंड फेकता येत नाहीत. ते ठाण्यात रीतसर जमा करून घ्यावेत म्हणून पत्र दिलं होतं. उत्तर आलं नाही, मग स्मरणपत्र दिलं. ते सध्या लाल रंग दिलेल्या पत्र्याच्या डब्यात सगळ्यात वरच्या कप्प्यात आहेत. रजिस्टरमध्ये त्यांच्यासाठी वेगळं पान आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मी ते मोजून सही करतो. 928.