चैत्यगृहासमोरचं रवंथ

काल रात्री दादाशी फोनवर पैशांवरून वाजलं. झोप कसली! सकाळी नाशिकची पांडवलेणी चढले. लेणी २४, पण पायऱ्यांनी दम काढला, म्हणून १८ क्रमांकाच्या चैत्यगृहापाशीच, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहापाशीच, बसकण मारली. २,००० वर्षांपूर्वीची ही शांतता, आणि माझा श्वास मोजताना दहाच्या आत पुन्हा तेच भांडण. मानसशास्त्रातलं रूमिनेशन, म्हणजे आपलं रवंथच की!

मग कळलं, राग पैशांवरून नव्हताच. आईच्या आजारपणात त्याने एकदाही ‘तू कशी आहेस’ विचारलं नाही, ते सलत होतं. खाली महामार्गावर ट्रक घरघरत होते. तिथूनच फोन लावला.

“काय गं, आई बरी आहे ना?”

“बरी आहे. माझं ऐकतोस का पाच मिनिटं?”

पंचवीस झाली. उतरून मिसळ खाल्ली, एक्स्ट्रा तर्री मारून.