आमची वाटचाल : तीन मिलिमीटरचा तुकडा

ठाण्याच्या नौपाड्यात दीड खोलीत पॅथॉलॉजीची लॅब थाटली तेव्हा एक मायक्रोटोम (तुकड्याचे पातळ काप करणारं यंत्र), एक जुना मायक्रोस्कोप आणि मी. गाठी, अपेंडिक्स, गर्भाशय हेच काम. पोट त्यावरच भरायचं, अजूनही भरतं.

मग एका बालशल्यचिकित्सकांनी रेक्टल बायोप्सी पाठवली, म्हणजे गुदाशयाचा तपासणीसाठी काढलेला तीन मिलिमीटरचा तुकडा. चार दिवसांचं बाळ, ४८ तास उलटून गेले तरी पहिली काळी शी नाही, पोट टम्म. शंका हिर्शस्प्रुंगची. साधारण ५,००० बाळांत एखाद्याला होणारा हा आजार. आतड्याच्या शेवटच्या भागात गँगलियन पेशीच (आतड्याची हालचाल चालवणाऱ्या मज्जापेशी) नसतात. तो भाग सैल पडत नाही आणि शी वरच अडकते. म्हणजे पॅथॉलॉजिस्टने पेशी 'नाहीत' हे सांगायचं! त्यातून नवजात बाळात त्या असल्या तरी कोवळ्या, बारक्या, चटकन ओळखू न येणाऱ्या.

मी बारा सेक्शन (पातळ काप) बघून 'आढळल्या नाहीत' लिहून मोकळी झाले. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन : "मॅडम, सबम्युकोसा कितीसा आला होता?" सबम्युकोसा म्हणजे आतल्या अस्तराखालचा थर, या पेशी शोधायच्या त्यातच. उत्तर देता येईना. ब्लॉक (पॅराफिन मेणात बसवलेला तुकडा) पुन्हा कापायला घेतला. साठ सेक्शन उलटून गेल्यावर दोन गँगलियन पेशी दिसल्या. बाळाचं ऑपरेशन टळलं, माझी झोप उडाली.

तेव्हापासून असा ब्लॉक संपेपर्यंत कापतो. आमचे टेक्निशियन काका तुकडा भिंगाखाली उभा बसवतात, आडवा पडला की सबम्युकोसा हुकलाच. डॉक्टरांनाही सांगून ठेवलंय : डेंटेट लाइनच्या (गुदद्वाराच्या आतली सीमारेषा) दोन सेंटीमीटर वरून घ्या, त्याच्या खाली निरोगी बाळातही पेशी विरळ असतात. आणि तुकडा कोरड्या गॉजवर तर मुळीच ठेवू नका, वाळतो.

या आजारात मज्जातंतू रंगवून दाखवणाऱ्या कोलिनएस्टरेजच्या स्टेनला ताजा, गोठवलेला तुकडा लागतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून तो वेळेत येणार कसा? म्हणून उधारी करून कॅलरेटिनिन हा दुसरा स्टेन आणला. तो नेहमीच्याच पॅराफिन ब्लॉकवर चालतो. पेशी नसलेल्या आतड्यात म्युकोसातले (सगळ्यात आतल्या अस्तरातले) बारीक मज्जातंतू रंगतच नाहीत. स्टेन नीट झाला की नाही हे ताडायला शेजारी एक निरोगी अपेंडिक्स लावतो. त्याची आमच्याकडे कधी टंचाई नव्हती.

बाटली महाग, मुदत कमी, केसेस मोजक्या. या कामात नफा नाही.

तुकडा अपुरा असेल तर तसंच लिहितो, अंदाज नाही. अशा रिपोर्टचं बिल लावत नाही. हिशेब आमचे हे बघतात, ते दर मार्चला त्यावरून कुरकुरतात.