शुगर कमी होईना, शेवटी दातांकडे गेलो

सहा वर्षांपासून शुगरच्या गोळ्या चालू आहेत. तर्री-पोहे सोडले, संत्रा बर्फी घरात येत नाही, रोज सकाळी मानेवाडा रोडला पायी फेरी. तरी एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.६ टक्क्यांवर अडून बसलेला. आमच्या डॉक्टरांचा दरवेळी एकच प्रश्न, "चोरून गोड खाऊन राहिले का?" सहा वर्षांत त्यांनी एकदाही तोंड उघडायला लावलं नाही. ब्रश केला की बेसिनमध्ये रक्त दिसतं, हे मीही कधी सांगितलं नाही. त्याचा शुगरशी काय संबंध, असंच वाटायचं.

खालची दाढ हलायला लागली तेव्हा काढून टाकू म्हणून नागपूरच्या मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. केस पेपर काढला, आत पहिला प्रश्न तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा. सोडून चार वर्षं झाली होती, तरी हात आपोआप खिशाकडे गेला.

दाढ काढायच्या आधी त्यांनी हिरड्या मोजल्या. हे मला नवीनच होतं. खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घालायची, एका दाताला सहा जागी. एक मुलगी आकडे सांगत होती, दुसरी लिहीत होती: "तीन, तीन, सहा. दोन, तीन, पाच." हाऊजी चालल्यासारखं. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याच्यावर गेलं की कप्पा झाला समजायचं. हलणाऱ्या दाढेला सात निघाले.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "काका, एवढी जखम पायाला असती तर घरी बसले असते का?" त्यांनी समजावलं ते असं: या कप्प्यांमधली सूज शरीरभर परिणाम करते, मग इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही आणि शुगर चढते. चढलेल्या शुगरमुळे हिरड्या अजून खराब होतात, भरून यायला वेळ लागतो. दोन्हीकडून मार.

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला होता. त्यांना साफसफाईच्या तासभर आधी अँटिबायोटिक दिलं. हिरडीतले जंतू रक्तात उतरून व्हॉल्व्हवर बसू शकतात म्हणे. माझ्या अंगावर काटा आला.

मला मात्र नाश्ता करून, गोळी घेऊनच यायला सांगितलं होतं; उपाशीपोटी आलं तर खुर्चीतच शुगर उतरायची. दोन खेपा झाल्या, एका वेळी अर्धं तोंड. इंजेक्शन देऊन हिरडीखालचं कीटण खरवडलं. दुखलं नाही, पण तो कर्रकर्र आवाज कानात दोन दिवस होता. कीटण काढलं की दात ढिले होतात हे ऐकून होतो. खरं तर सूज उतरल्यावर आधीच्याच फटी उघड्या पडतात, थंड पाणी महिनाभर झोंबतं.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ८.१ आलं. मॅडमनी आधीच बजावलं होतं, यातून अर्ध्या टक्क्याच्या आसपासच उतरतं, गोळ्या सुटणार नाहीत. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय बदललं?"

"दात साफ केले जी."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला, मग टेबलाच्या खणात टॉर्च शोधायला लागले. सापडला नाही.

दाढ अजून आहे. तिथला कप्पा पाचवर आला, दाढेभोवतीचं झिजलेलं हाड काही परत आलं नाही. शस्त्रक्रिया करायची का, ते पुढच्या मापानंतर ठरेल.