सहा कळ्यांचा परकर झाला, आता पायजमा

शिवण शिकताना हाती घेतलेला परकर झाला. आत्याने तो नेसत्या साडीखाली घातला, धुतला, पुन्हा घातला. शिवण कुठे सुटली नाही. ‘घेर बरा पडलाय’ एवढंच म्हणाली. पुण्याच्या कसब्यात वाढलेल्या बाईकडून हे भरपूर झालं.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: मशीन आत्याचीच, काळी, पायाची. वाड्यातून फ्लॅटमध्ये आल्यापासून तिचा उपयोग कुंड्या ठेवायला होत होता. नवी वादी, तेल आणि नवी सुई, एवढ्यावर ती सुरू झाली. मोटर बसवून घ्या असं बरेच जण सुचवतात. मला नको. पायाने चालवताना हवं तिथे एकेका टाक्यावर थांबता येतं, आणि कोपरा वळवताना ते फार उपयोगी पडतं.

पैशाबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. शिकताना कापडावर खर्च करू नये, सुया आणि दोऱ्यावर करावा. सरावाला जुन्या चादरी, आईच्या विरलेल्या सुती साड्या आणि मांजरपाट पुरतं. पण रस्त्यावरच्या ढिगातला स्वस्त रीळ घेतला तर तो मधेच तुटतो, त्याचा भुगा बॉबिन केसमध्ये (खालच्या दोऱ्याच्या डबीत) साठतो आणि दोष मशीनला लागतो. दोरा घेताना हातभर ओढून, झटका देऊन बघतो. सुयांच्या पाकिटावर ९०/१४ असं असतं. त्यातला ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर जाडी, १४ हा त्याच जाडीचा दुसरा नंबर. पॉपलीन, मांजरपाट याला १४ नंबर, मलमलसारख्या पातळ कापडाला ११. सुई बसवताना घोळ होत असेल तर एवढं बघा: लांब खाच ज्या बाजूला, त्या बाजूने दोरा ओवायचा.

टाका नीट पडत नसेल तर वर लाल दोरा, खाली पांढरा घालून चिंधीवर टीप मारा. वरच्या अंगाला पांढरे ठिपके दिसले तर वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, जास्त आहे. खाली दोऱ्याचं जाळं झालं तर बॉबिनला हात लावण्याआधी वरचा दोरा काढून पुन्हा ओवा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आता परकर. कापड ४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सुती पॉपलीन, दोन मीटर, रविवार पेठेतल्या कापडगंजातून. आधी भिजवून, वाळवून, इस्त्री केली. सुती कापड आटतं ते आधीच आटलेलं बरं. कंबर सैल धरून ४० इंच, म्हणजे सहातल्या एका कळीला (वर अरुंद, खाली रुंद असा तुकडा) वर पावणेसात. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरून पावणेआठ. खालचा घेर ९०, म्हणून कळी खाली १५ आणि मायेसकट १६. कळीची उंची दुमडपट्टीसह ३८.

गंमत बेतण्यात आहे. कळ्या एक सुलटी, एक उलटी, पुन्हा सुलटी अशा मांडल्या की तीन कळ्या मिळून पावणेचाळीस इंचांत बसतात. अशा दोन ओळी ७६ इंचांत होतात आणि दोन मीटर म्हणजे पावणेएकोणऐंशी. शिवाय काठाला चार इंचांची उभी पट्टी उरते, तोच नेफा, म्हणजे नाडी ओवायची पट्टी. उभ्या धाग्यातली असल्याने ती ताणतही नाही. वेगळं कापड लागलं नाही, चिंध्या मूठभर उरल्या. मी हे आधी वर्तमानपत्रावर मांडून पाहिलं होतं, आत्या मात्र नुसती नजर टाकून म्हणाली, “अरे, कोपऱ्यातल्या तिकोन्यांतून पिशवीचे बंद निघतील.” निघाले.

कळीच्या दोन्ही कडा तिरक्या असतात, म्हणून टीप खालून, घेराकडून कमरेकडे घातली. उलट दिशेने घातली की कड ओढली जाते आणि शिवण लाटा मारते. नेफ्याच्या आधी नाडीसाठी बाजूला चार इंचांची चीर ठेवून तिच्या कडा हाताने दुमडून घेतल्या. वेळ सगळ्यात जास्त तिथेच गेला, आणि सगळ्यात सुबक तीच झालीय.

कात्रीचं एक सांगतो. कापडाची कात्री कागदाला लावायची नाही हे घरात सगळ्यांना ऐकवून झालं, तरी कुणीतरी दुधाची पिशवी तिनेच कापतं. आता ती मशीनच्या खणात, किल्लीबंद.

पुढे पायजमा. जुना, मापात बसणारा पायजमा उसवून त्यावरूनच कागदाचा नमुना काढायचा विचार आहे. पण इतक्या धुण्यांनंतर आसनाची (दोन पायांमधल्या भागाची) कड ताणलेली असणार. तुम्ही अशा वेळी आसन तसंच उतरवून घेता, की माप घेऊन नव्याने काढता?