पर्वतावर पायी

आते दर चैत्री पौर्णिमेला पर्वतावर पायी जाते. आमच्याकडे दक्षिण गोव्यात नुसतं ‘पर्वत’ म्हटलं की पारोड्याचा चंद्रेश्वर भूतनाथाचा डोंगर, दुसरा कुठला विचारायचं नाही. यंदा तिच्यासोबत मी. चंद्र उगवताना वर असायचंच, या तिच्या हट्टापायी मडगावहून दुपारी तीनला निघालो. चैत्रातल्या उन्हात डांबरी रस्त्याने तेरा-चौदा किलोमीटर, म्हणजे शुद्ध वेडेपणा.

पावसात पारोड्याचा रस्ता बुडवणारी कुशावती आता निमूट पडून होती. चढ लागला तसा काजूच्या बोंडांचा आंबूस वास यायला लागला आणि नेमका तिथेच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. आतेने पिशवीतून अबोलीची फाती, म्हणजे गजरा, काढली, तिच्या पुडीचा दोरा सोडला आणि चप्पल आवळून बांधली.

“देवाचा दोरा चपलेला?”

“चप्पल देवाकडेच चाललीय ना? चल.”

डोंगर साडेतीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीत कुणी गणतीतही धरणार नाही. पण साष्टीच्या, म्हणजे मडगावच्या आसपासच्या, सपाटीवरून तो एकटाच वर आलेला, त्यामुळे माथ्यावरून सगळं पायाशी दिसतं. उत्तरेला माडांच्या गर्दीत चांदर आहे. तेच जुनं चंद्रपूर. गोव्यातल्याच शिरोड्याला सापडलेल्या, भोज घराण्यातल्या देवराजाच्या ताम्रपटात ‘चंद्रउर’ आहे, आणि तो चौथ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. पुढे कदंबांचीही राजधानी तिथेच. अकराव्या शतकात ती समुद्राच्या व्यापारासाठी जुवारी नदीकाठच्या गोपकपट्टणला गेली. चांदरच्या कोटात 1929 साली इतिहाससंशोधक फादर हेरास यांनी खणलं, तिथे आज मुंडकं नसलेला नंदी बसलेला आहे. मी शाळेच्या सहलीत त्याच्या पाठीवर बसून फोटो काढला होता. आता आठवलं की कसंसंच होतं.

वायव्येला मडगाव. आमचा देव दामोदर तिथलाच. 1567 साली पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली, तेव्हा तो पूर्वेला, कुशावतीकाठी जांबावलीला गेला. वेर्ण्याची म्हाळसा जुवारीपलीकडे म्हार्दोळला गेली. आम्ही गुलालाच्या उत्सवाला जांबावलीला जातो ते बसने, तासाभरात. देवाला ती वाट रात्री, लपतछपत काढावी लागली असेल हे माथ्यावर उभं राहून पहिल्यांदा जाणवलं, कारण इथून मडगाव आणि जांबावली दोन्ही मान वळवण्याइतकी जवळ आहेत.

“इतकंच अंतर?” मी म्हटलं.

“चालून बघ,” आते म्हणाली.

देवळात रेटारेटी. पौर्णिमेचं चांदणं पडलं की इथलं चंद्रेश्वराचं लिंग पाझरतं, असं ऐकत मी लहानाचा मोठा झालोय. मान उंचावून पाहिलं. दिसली ती फुलं, बेलाची पानं आणि पुढच्या माणसाचं टक्कल. भूतनाथाला मात्र निवांत नमस्कार झाला.

बाहेर आलो तर चंद्र झाडांच्या वर चढून बसलेला. उगवताना बघायचा राहिलाच. आते पायरीवर गुडघे चोळत होती, पदरात खाज्याची पुडी.

“पाझरलं का रे?”

“दिसलं नाही.”

“मलाही तीस वर्षं दिसलं नाही,” असं म्हणून तिने पुडी माझ्यापुढे धरली.